‘पंतसचिव’ आडनाव कुठून आलं? भोरच्या एका दुर्मीळ आडनावाचा अर्थ आणि इतिहास

भोर शहरात नीरा नदीच्या काठाने फिरताना, राजवाड्यासमोर उभं राहिल्यावर किंवा शाळा-वाचनालयांवरच्या जुन्या पाट्या वाचताना एक शब्द पुन्हा पुन्हा दिसतो: पंतसचिव. नवख्या माणसाला वाटतं, हे कुठल्या तरी सरकारी पदाचं नाव असावं. तसं वाटणं अगदीच चूक नाही. हे खरोखरच एका पदाचं नाव होतं. पण पद गेलं, राज्य गेलं, पुढे संस्थानही गेलं आणि शब्द मात्र आडनाव म्हणून उरला.

जेधे, बांदल, शिळीमकर, पासलकर, मरळ ही भोर आणि वेल्हे (आताचा राजगड) तालुक्यांतली प्रसिद्ध आडनावं. ती गावोगावी भेटतात. ‘पंतसचिव’ हे आडनाव मात्र एकाच घराण्याचं आहे. ते इतकं दुर्मीळ का, त्याचा नेमका अर्थ काय आणि ते भोरशी कसं जोडलं गेलं, हे समजून घेऊ.

शब्दाचा अर्थ काय?

‘पंतसचिव’ हा दोन शब्दांचा जोड आहे.

‘पंत’ हे ‘पंडित’ या शब्दाचं झिजलेलं रूप. मराठीत ते सुशिक्षित, कारभारी माणसाच्या नावापुढे आदराने लागतं. मोरोपंत, रामचंद्रपंत, दादोजीपंत ही त्याची नेहमीची उदाहरणं.

‘सचिव’ हा संस्कृत शब्द. त्याच्या मुळाशी ‘सच्’ हा धातू आहे, त्याचा अर्थ सोबत असणे. म्हणजे सचिव हा मुळात राजाचा सोबती, सल्ला देणारा सहायक. आज गृहनिर्माण सोसायटीपासून मंत्रालयापर्यंत सगळीकडे सचिव असतात. तो शब्द आपण इंग्रजीतल्या ‘सेक्रेटरी’साठी वापरतो. पण सतराव्या शतकात ‘पंत सचिव’ हे राज्यातल्या आठ सर्वोच्च पदांपैकी एक होतं.

अष्टप्रधानातलं पद

६ जून १६७४ रोजी रायगडावर शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला. त्या वेळी प्रधानमंडळातल्या पदांना संस्कृत नावं देण्यात आली. त्याआधी ही पदं फारसी नावांनी ओळखली जात. पेशव्याला पंतप्रधान, मुजुमदाराला पंत अमात्य, वाकनिसाला मंत्री, डबिराला सुमंत, सरनौबताला सेनापती असं म्हटलं जाऊ लागलं. तसंच सुरनिसाचा झाला पंत सचिव.

‘सुरनीस’ या शब्दातला ‘नीस’ म्हणजे फारसी ‘नवीस’, लिहिणारा. त्यावरून कामाचा अंदाज येतो. सचिवाचं काम होतं राजाकडून जाणारी पत्रं तपासणं. मजकुरात काही कमी-जास्त झालं असेल तर ते दुरुस्त करणं, पत्रावर आपली संमतीची खूण करणं आणि महाल-परगण्यांच्या हिशेबांवर नजर ठेवणं ही त्याची जबाबदारी. राजाचा शब्द कागदावर चुकीचा उतरू नये, हे पाहणारा हा माणूस. प्रसंग पडला तर त्याला फौज घेऊन लढाईवरही जावं लागे.

राज्याभिषेकाच्या वेळी हे पद अण्णाजी दत्तो यांच्याकडे होतं. पुढे संभाजी महाराजांविरुद्धच्या कटात सामील झाल्याबद्दल १६८१ मध्ये त्यांना देहदंड झाला. अण्णाजी दत्तो आणि भोरचे पंतसचिव यांचं घराणं एक नव्हे. जुन्या कागदांत ‘सचिव’ किंवा ‘सुरनीस’ असा उल्लेख दिसला की तो भोरच्याच घराण्याचा, असा अनेकांचा समज होतो. पण शिवाजी महाराजांच्या काळात ही पदं वंशपरंपरेने चालत नव्हती. महाराज माणूस पाहून पद देत आणि गरज पडली तर काढूनही घेत. त्यामुळे तोपर्यंत ‘पंत सचिव’ हे कुणाचं आडनाव होण्याचा प्रश्नच नव्हता.

मूळ आडनाव गांडेकर

भोरच्या घराण्याचे मूळ पुरुष शंकराजी नारायण. त्यांचं मूळ आडनाव गांडेकर. हे घराणं देशस्थ ब्राह्मणांचं, पैठण परिसरातल्या गांडापूरचं. गावाच्या नावाला ‘कर’ लागून आडनाव तयार होण्याची मराठीतली ही नेहमीची पद्धत. शंकराजींनी मोठं नाव कमावलं नसतं, तर त्यांचे वंशज कदाचित आजही गांडेकर म्हणूनच ओळखले गेले असते.

संभाजी महाराजांच्या हत्येनंतर १६८९ मध्ये राजाराम महाराज दक्षिणेत जिंजीला गेले. मागे महाराष्ट्रात औरंगजेबाची फौज होती आणि किल्ले एकामागून एक पडत होते. या काळात इकडचा कारभार रामचंद्रपंत अमात्य पाहत होते. मावळातले किल्ले परत मिळवण्याच्या कामात त्यांना शंकराजी नारायण यांची मोठी साथ होती. १६९३ मध्ये सिंहगड पुन्हा मराठ्यांच्या ताब्यात आला. तो घेणारे नावजी बलकवडे शंकराजींच्याच देखरेखीखाली लढत होते.

या कामगिरीमुळे राजाराम महाराजांनी शंकराजींना सचिवपद दिलं. त्यांच्या ताब्यातल्या मुलखातूनच पुढे भोर संस्थान उभं राहिलं. संस्थानाची सुरुवात साधारणपणे १६९७ पासून मानली जाते.

पद वंशपरंपरागत कसं झालं?

शंकराजींच्या मृत्यूची गोष्ट माहीत नसेल, तर पद या घराण्यात कायम का राहिलं हे कळत नाही.

१७०० मध्ये राजाराम महाराज वारले. ताराबाईंनी आपल्या मुलाच्या नावाने राज्य चालवायला घेतलं आणि औरंगजेबाशी लढा चालू ठेवला. १७०७ मध्ये औरंगजेब मेला आणि संभाजी महाराजांचे पुत्र शाहू मोगलांच्या कैदेतून सुटून महाराष्ट्रात आले. गादीवर हक्क कुणाचा, हा प्रश्न उभा राहिला. एका बाजूला थोरल्या गादीचा वारस, तर दुसऱ्या बाजूला सगळ्यात कठीण काळात राज्य सांभाळणारी राणी.

ताराबाईंनी सरदार-कारभाऱ्यांकडून एकनिष्ठतेच्या शपथा घेतल्या होत्या. शंकराजीही शपथेने बांधले गेले होते. ऑक्टोबर १७०७ मध्ये खेडच्या लढाईत शाहूंची सरशी झाली आणि एकेक सरदार त्यांना मिळू लागला. शाहूंशी लढावं तर ज्या घराण्याचं मीठ खाल्लं त्याच घराण्याच्या वारसावर शस्त्र धरायचं. त्यांना मिळावं तर दिलेली शपथ मोडायची. या पेचात शंकराजींनी भोरजवळ आंबवडे इथे स्वतःचं जीवन संपवलं. त्यांची समाधी आंबवड्यात आहे. जवळच नागेश्वराचं मंदिर आणि संस्थानकाळातला झुलता पूल आहे. तिथे जाणाऱ्या अनेकांना या समाधीमागची गोष्ट माहीत नसते.

शंकराजींचा मुलगा नारो शंकर त्या वेळी अगदी लहान होता. शाहू महाराजांनी बापाच्या शपथेचा राग मुलावर काढला नाही. त्यांनी सचिवपद नारो शंकर यांनाच दिलं आणि आई येसूबाई मुलाच्या वतीने कारभार पाहू लागल्या. ज्याला लिहिता-वाचताही येत नाही, अशा मुलाला पत्रं तपासण्याचं पद मिळालं. याचा अर्थ उघड आहे. आता ते काम राहिलं नव्हतं, तो घराण्याचा मान झाला होता. पदाचं आडनाव होण्याची सुरुवात इथून झाली असं म्हणता येतं.

शाहू महाराजांच्या काळात असं सगळीकडेच घडलं. पेशवेपद भट घराण्यात राहिलं, प्रतिनिधीपद किन्हईच्या परशुराम त्रिंबक यांच्या घराण्यात, तर अमात्यपद रामचंद्रपंतांच्या वंशात. पद बापाकडून मुलाकडे जाऊ लागलं की लोक त्या घरालाच पदाच्या नावाने ओळखू लागतात.

किल्ले गेले, किल्ले आले

पंतसचिवांचं बळ होतं किल्ल्यांत. अठराव्या शतकात पेशव्यांची सत्ता वाढत गेली, तशी या बळाला ओहोटी लागली. दमाजी थोरात यांच्या कैदेतून तरुण सचिवाला सोडवण्याच्या कामी बाळाजी विश्वनाथ यांनी जोखीम पत्करली. त्याच्या कृतज्ञतेपोटी येसूबाईंनी पुरंदर त्यांच्या स्वाधीन केला. पुढे १७५० च्या सुमारास नानासाहेब पेशव्यांनी सिंहगड घेतला आणि त्याच्या बदल्यात पंतसचिवांना तुंग आणि तिकोना हे किल्ले दिले.

तरीही राजगड, तोरणा, रोहिडा, सुधागड असा मोठा मुलूख पंतसचिवांकडे राहिला. संस्थानाच्या तालुक्यांची नावंही किल्ल्यांवरूनच होती. रोहिड्याचं दुसरं नाव विचित्रगड, तोरण्याचं प्रचंडगड. त्यावरून विचित्रगड, प्रचंडगड, राजगड आणि सुधागड हे तालुके झाले. पाचवा पवनमावळ. आज वेल्हे तालुक्याला ‘राजगड’ हे नाव मिळालं, तेव्हा अनेकांना ते नवं वाटलं. प्रत्यक्षात भोर संस्थानात राजगड नावाचा तालुका पूर्वीही होता.

सुधागडावर आजही ‘पंतसचिवांचा वाडा’ दाखवला जातो. गडावरच्या देवीचं नाव भोराई आहे.

इंग्रजी अमदानी आणि आडनावाची नोंद

पेशवाई बुडाल्यावर इंग्रजांनी सातारच्या छत्रपतींचं राज्य पुन्हा उभं केलं. औंध, फलटण, अक्कलकोट, जत यांच्याप्रमाणे भोरचे पंतसचिवही सातारचे जहागीरदार झाले. १८२० मध्ये त्यांच्याशी करार झाला. सातारचं राज्य खालसा झाल्यावर हे जहागीरदार थेट इंग्रजांच्या देखरेखीखाली आले. १९०१ च्या सुमारास भोर संस्थानाचं क्षेत्रफळ ९२५ चौरस मैल, म्हणजे अंदाजे २,४०० चौरस किलोमीटर होतं आणि लोकसंख्या १,३७,२६८ होती. संस्थानिकाला नऊ तोफांच्या सलामीचा मान होता.

सतराव्या शतकातल्या कागदांत माणसाची ओळख बहुधा स्वतःचं नाव आणि बापाचं नाव अशी असे. ‘शंकराजी नारायण’ म्हणजे नारायणाचा मुलगा शंकराजी. आडनाव प्रत्येक ठिकाणी लागत नसे. इंग्रजी अमदानीत शाळेचा दाखला, कोर्टाचा कागद, खानेसुमारी अशा प्रत्येक ठिकाणी ठरलेलं आडनाव हवं झालं. भोरच्या घराण्याने तिथे ‘गांडेकर’ लिहिलं नाही. ज्या शब्दाने सगळा मुलूख त्यांना ओळखत होता, तोच लिहिला गेला.

घराण्यात वेळोवेळी दत्तकविधान झालं. दत्तक आलेला मुलगाही गादीवर बसला की पंतसचिव होई. त्यामुळे नाव कधी खंडित झालं नाही. १८७१ ते १९२२ या काळात शंकरराव चिमणाजी आणि त्यांच्यानंतर रघुनाथराव शंकरराव हे भोरचे अधिपती होते. ८ मार्च १९४८ रोजी दक्षिणेतल्या इतर संस्थानांबरोबर भोर मुंबई राज्यात विलीन झालं. भोर आणि वेल्हे पुणे जिल्ह्यात गेले, तर सुधागड त्या वेळच्या कुलाबा, म्हणजे आताच्या रायगड जिल्ह्यात. १९७१ च्या घटनादुरुस्तीने संस्थानिकांची मान्यता आणि तनखे बंद झाले. त्या दिवसापासून ‘पंतसचिव’ हा शब्द कायद्याच्या दृष्टीने पदवी राहिला नाही. तो फक्त आडनाव आहे.

हे आडनाव इतकं दुर्मीळ का?

कामावरून पडलेली आडनावं मराठीत भरपूर आहेत. चिटणीस, फडणीस, सबनीस, पोतनीस, कारखानीस, पारसनीस ही सगळी ‘नवीस’ कुळातली. ती अनेक ठिकाणी, अनेक जातींत सापडतात. मग सुरनिसाचं संस्कृत रूप असलेलं ‘पंतसचिव’ एकाच घराण्यात का राहिलं?

कारण साधं आहे. चिटणीस किंवा सबनीस एकच नव्हता. छत्रपतींचा चिटणीस होता, तसे सरदारांचेही होते. प्रत्येक किल्ल्यावर सबनीस असे. पद जितक्या ठिकाणी, तितकी त्यावरून नाव पडलेली घराणी. पंत सचिव मात्र अख्ख्या राज्यात एका वेळी एकच. त्यातही हे पद आडनाव होण्याइतका काळ ज्या घरात राहिलं, ते घर एकच. बाकी सचिव आले आणि गेले. त्यांच्या वंशाला ते नाव चिकटलं नाही.

भोर-वेल्ह्यातल्या देशमुखांशी तुलना केली तर हा फरक अधिक कळतो. रोहिड खोऱ्याचे जेधे, हिरडस मावळाचे बांदल, गुंजन मावळाचे शिळीमकर, कानद खोऱ्याचे मरळ, मोसे खोऱ्याचे पासलकर. या घराण्यांकडे देशमुखीचं पद होतं, पण त्यांची आडनावं पदाची नाहीत, ती कुळाची आहेत. कुळाचं नाव सगळ्या भाऊबंदांचं असतं. शाखा फुटत जातात तसं ते गावोगाव पसरतं. पदवी मात्र गादीवर बसणाऱ्या एकाचीच. तिचं आडनाव झालं तरी सुरुवात एकाच घरापासून होते.

बाकीच्या प्रधानांच्या नावांचं काय झालं?

आठही पदांची नावं सारखी टिकली नाहीत. ‘पेशवे’ हे भटांच्या वंशजांचं आडनाव झालं. अमात्यांचं घराणं गगनबावड्यावरून बावडेकर म्हणून ओळखलं जाऊ लागलं. तिथे गावाचं नाव पदापेक्षा वरचढ ठरलं. सेनापतीपद तळेगावच्या दाभाड्यांकडे राहिलं, पण त्यांनी दाभाडे हे कुळाचं नाव सोडलं नाही.

प्रतिनिधी हे पद मूळच्या आठांत नव्हतं. ते राजाराम महाराजांनी जिंजीला निर्माण केलं. औंधचं घराणं त्यावरून ‘पंतप्रतिनिधी’ झालं. सूर्यनमस्कारांचे प्रसारक आणि चित्रकार म्हणून प्रसिद्ध असलेले औंधचे राजे भवानराव हे भवानराव पंतप्रतिनिधी. त्यांचे पुत्र अप्पासाहेब मात्र स्वतंत्र भारताचे राजदूत म्हणून ‘अप्पा पंत’ या सुटसुटीत नावाने जगाला माहीत झाले. एका पिढीत आडनाव निम्मं झालं. इथे एक खबरदारी घ्यायला हवी. उत्तराखंडातलं ‘पंत’ हे आडनाव वेगळं आहे, त्याचा सातारा-भोरच्या पदव्यांशी संबंध नाही.

जगात इतरत्रही असंच

पदावरून राजघराण्याचं आडनाव होण्याचं सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण स्कॉटलंडचं. राजवाड्याचा कारभार पाहणाऱ्याला तिथे ‘स्ट्युअर्ड’ म्हणत. बाराव्या शतकापासून हे पद एका घराण्यात वंशपरंपरेने चाललं आणि त्याचं आडनाव झालं ‘स्ट्युअर्ट’. १३७१ मध्ये या कारभाऱ्यांच्या वंशातला रॉबर्ट स्वतःच राजा झाला.

फ्रान्समधलं ‘मारेशाल’ हे आडनाव याच्या उलट. मूळ जर्मन कुळातल्या शब्दाचा अर्थ घोड्यांचा चाकर. पुढे राजाच्या सेनाधिकाऱ्यालाही मारेशाल म्हणू लागले आणि गावात घोड्याला नाल ठोकणाऱ्यालाही. सेनाधिकारी मोजकेच होते, पण नालबंद प्रत्येक गावात. म्हणूनच हे आडनाव आणि त्याची ‘मार्शाल’सारखी रूपं फ्रान्समध्ये सर्रास आढळतात. चिटणीस आणि पंतसचिव यांच्यातला फरक इथे पुन्हा दिसतो. आडनाव किती पसरणार हे पदाच्या मोठेपणावर ठरत नाही. ते काम करणारे किती होते, यावर ठरतं.

लिहिताना आणि वाचताना

पदाबद्दल लिहायचं असेल तर ‘पंत सचिव’ असे दोन शब्द आणि आडनाव असेल तर ‘पंतसचिव’ असा एक शब्द लिहिला, तर गोंधळ टळतो. जुन्या कागदांत हा भेद पाळलेला नसतो. तिथे काळ पाहावा लागतो. १६८१ च्या आधीचा उल्लेख अण्णाजी दत्तोंचा असू शकतो, १७०७ च्या आसपासचा शंकराजींचा, तर अठराव्या शतकातला त्यांच्या वंशजांपैकी कुणाचा तरी.

भोरचा राजवाडा आज अनेकांना चित्रपटांतून माहीत असतो. पण या आडनावाचा उगम समजून घ्यायचा असेल तर राजवाड्याबरोबर आंबवड्यालाही जायला हवं. राजाचा शब्द कागदावर बरोबर उतरतो की नाही, हे पाहणं सचिवाचं काम. शंकराजी नारायण यांना तो नियम स्वतःच्या शब्दालाही लागू आहे असं वाटलं. त्यांच्या समाधीनंतरच ते पद त्यांच्या घरात कायमचं राहिलं आणि पुढे त्या घराचं आडनाव झालं.